खाऱ्या पाण्यातले बैल

आमच्या घोडेगावचा शुक्रवार म्हणजे जनावरांचा बाजार. नगरहून औरंगाबादला जाणाऱ्या हमरस्त्यावरचं गाव, त्यामुळं गुरुवारी रात्रीपासूनच टेम्पो लागायला सुरुवात होते. बाकीच्या दिवशी बाहेरचा माणूस थांबतो तो कांद्याच्या लिलावासाठी, नाही तर शिंगणापूरला जाणारा फाटा विचारायला. शनिदेवाच्या वाटेवर रसवंत्या आहेत, तिथं अजून बैल चरकाभोवती फिरतो. लोक रस पितात, बैलाचा फोटो काढतात आणि निघून जातात. 'फिरायला आलो' म्हणून घोडेगावात कुणी उतरल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि आमच्या घरातलंही कुणी 'फिरायला' म्हणून कधी बाहेर पडलं नव्हतं. पंढरपूर, आळंदी, देवगड, लग्नं आणि दहावे, एवढाच आमचा प्रवास.

तो मोडला 2014 च्या जानेवारीत. मेहुण्यांची नोकरीत दापोलीला बदली झाली होती आणि बहीण फोनवर सारखी म्हणायची, "आण्णांना एकदा समुद्र दाखव." आण्णा म्हणजे आमचे वडील. ते काही यायला तयार नव्हते. पण आदल्या वर्षापासून ते घरात नुसते बसून असायचे, आणि ते बसणं आईला बघवत नव्हतं. दुष्काळात आमच्या विहिरीनं तळ दाखवला. कडबा विकत घेऊन घेऊन किती घेणार? काही दिवस आण्णा बैलजोडी घेऊन छावणीत राहिले, आणि मार्चातल्या एका शुक्रवारी त्यांनी ती बाजारात उभी केली. आमच्याकडं सौदा रुमालाखाली होतो. हेडी आणि मालक उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरतात. कितीत ठरलं ते त्या दोन हातांनाच ठाऊक. आण्णांनी कितीला दिली ते आईलाही सांगितलं नाही. दावी तेवढी घरी आणली आणि खुंटीला अडकवली.

तेव्हा समुद्र वगैरे निमित्तच होतं. त्यांना घराबाहेर काढायचं होतं.

पहाटे चारला भाड्याच्या सुमोनं निघालो. आईनं बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे असं भलंमोठं फडकं बांधून घेतलं, कारण आण्णा माळकरी. ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या नेवाशाच्या पंचक्रोशीतली आमची माळ, ती काय समुद्र बघून उतरणार? "मासेखाऊ मुलखात मी भाकरीवर राहीन," त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. पुणं ओलांडून ताम्हिणी घाटानं माणगाव, आंबेतला सावित्रीचा पूल, मंडणगड आणि मग दापोली. ताम्हिणी उतरताना आण्णा पहिल्यांदा बोलले. "एवढा पाऊस पडतो इथं, आन् जमीन बघ, सगळा उतार. पानी थांबंल कुठं?" आमच्याकडं वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तरी बरं म्हणायचं, दापोलीकडं तीन हजारांच्या वर पडतो. हा आकडा सांगितल्यावर त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर तोंड वळवलं.

राहायला मुरुडला होतो. जंजिऱ्याचं नव्हे, दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं मुरुड. कर्वे या गावात वाढले. सार्वजनिक परीक्षेला बसायला म्हणून ते पोरवयात इथून सह्याद्री चढून साताऱ्याला चालत गेले, आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. आम्ही गाडीत बसून कंबर धरली म्हणत होतो, तेव्हा मेहुण्यांनी ही गोष्ट सांगितली. मग कुणी कंबरेचं नाव काढलं नाही.

मुरुडचा किनारा सपाट, लांबलचक आणि पोरांना सोडून द्यायला चांगला. घोडागाडी, उंट, पाण्यावरच्या मोटारी हा सगळा बाजार तिथं आहे. एक संध्याकाळ पुरे. त्यापेक्षा गावातल्या रस्त्यानं चालावं. दोन्ही बाजूंना नारळी-सुपारीची आगरं, जांभ्या दगडाचे गडगे, आणि दुर्गादेवीचं जुनं, लाकडी खांबांचं देऊळ. आई तिथं खांबांवरचं कोरीव काम हातानं चाचपत बसली.

जेवणाचं मात्र नीट सांगतो, कारण घाटावरून जाणारा माणूस तिथंच फसतो. हॉटेलच्या पाटीमागं लागू नये. गावात घरोघरी जेवण मिळतं. सकाळी नऊ-दहाच्या आत जाऊन सांगायचं: इतकी माणसं, इतके शाकाहारी, इतके मासे खाणारे. ऐन वेळी गेलात तर घरातल्यांच्या तोंडावर नाराजी दिसते, आणि ती रास्त असते, कारण ते मोजून रांधतात. मासे एका घरी आणि शाकाहारी दुसऱ्या घरी अशी आमची रोज फाळणी व्हायची. मी, मेहुणे आणि पोरं एकीकडं, आण्णा आणि आई दुसरीकडं. आईनं लहानपणी माहेरी नदीचे मासे खाल्लेले, त्यामुळं तिची चुळबुळ दिसायची, पण ती आण्णांच्या पंगतीलाच बसली.

पहिल्या दुपारी आण्णांच्या पानात भात, आमसुलाचं सार, फणसाची भाजी आणि एक तपकिरी पिठलं आलं. त्यांनी बोट लावून चाखलं आणि वाढणाऱ्या काकूंना विचारलं, "ह्ये काय आहे?"

"कुळथाचं पिठलं."

"आवो, ह्ये तर हुलगं!"

काकूंना हुलगे माहीत नव्हते, आण्णांना कुळीथ. मग पंधरा मिनिटं पंगत थांबली. आमच्याकडं हुलग्याचे शेंगोळे कसे वळतात, पाण्यात कसे शिजवतात, लसूण किती घालायचा, माडगं कसं करतात, आणि कामाच्या बैलाला भिजवलेले हुलगे का द्यायचे, हे सगळं आण्णांनी सांगितलं. बैलाचं नाव निघाल्यावर थांबले. काकूंच्या ते लक्षात आलं नसावं. त्यांनी आणखी एक पळी वाढलं. त्या दिवसापासून भाकरीचं फडकं आईनं सोडलंच नाही. आण्णा दोन वेळा भात-पिठलं जेवले, आणि उकडीचे मोदक आले तेव्हा चार खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसूद. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू'चा मुलूख तो हाच. रस्त्यावरून सुपारीच्या बागेत उतरायचं, ओढ्यावरचा छोटा पूल ओलांडायचा आणि पायऱ्या चढून केशवराजाच्या देवळाशी जायचं. भर दुपारीसुद्धा त्या बागेत ऊन खाली पोचत नाही. देवळासमोर दगडी गोमुखातून पाणी पडतं. वरच्या अंगाच्या झऱ्याचं पाणी पन्हळीनं तिथं आणलंय आणि ते सतत वाहतं. ना मोटार, ना वीज. आण्णांनी पन्हळीच्या कडेकडेनं वर जाऊन ते कुठून येतं ते पाहिलं, खाली येऊन ओंजळभर प्याले आणि देवापुढं हात जोडण्याआधी पाण्याला जोडले. "आपल्याकडं टँकरपाशी मारामाऱ्या झाल्या," एवढंच म्हणाले.

समुद्रकाठी कुणी विचारलं 'काय बघावं', तर मी एकच सांगतो: संध्याकाळी चारच्या पुढं हर्णै बंदर. मुरुडपासून हाकेच्या अंतरावर आहे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, काठावर कनकदुर्गाची टेकडी आणि दीपगृह. सुवर्णदुर्गावर होडीनं जाता येतं. पोरांना घेऊन मी गेलो होतो. दाराच्या पायरीवर कोरलेलं कासव आणि तटातला मारुती बघायचा, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची टाकी कशी काय, याचं नवल करत परत यायचं. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं. आण्णा होडीत बसले नाहीत.

पण हर्णैची खरी गंमत लिलावात आहे. बोटी उभ्या राहतात पाण्यात, आणि किनाऱ्यावर ओल्या वाळूत मासळीचे ढीग लागतात. सुरमई, पापलेट, बांगडे, कोळंबी, आणि नावं माहीत नसलेली कितीतरी. भोवती माणसांची कडी, त्यात निम्म्याहून अधिक बाया. भाव ओरडून चढतो, सगळ्यांच्या देखत. आण्णा वास नको म्हणून उपरणं नाकाला लावून उभे होते. एकदोन लिलाव झाल्यावर त्यांनी ते काढलं. "ह्ये बरंय," म्हणाले. "कितीला गेलं ते समद्यांना कळतं." आमच्या बाजारातल्या रुमालाविषयी ते बोलत होते, हे मला कळलं. त्या शुक्रवारविषयी त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य.

आणि मग त्यांना बैल दिसले.

बोटींवरचा माल आणायला तेव्हा हर्णैला बैलगाड्या थेट पाण्यात घालत. लाट बैलांच्या पोटाला लागते, गाडीची चाकं अर्धी बुडालेली, वर बर्फाच्या आणि मासळीच्या पाट्या. आम्ही घाटावरची माणसं, बैल चिखलात पाहिलेला, ढेकळात पाहिलेला, पण समुद्रात! पोरं टाळ्या वाजवत होती. आण्णा धोतर वर खोचून चालू लागले ते गुडघाभर पाण्यात शिरले. बायको ओरडली, "आण्णा, लाट येईल!" त्यांना ऐकू गेलं नाही.

गाडी काठाला लागल्यावर त्यांनी आधी बैलाच्या पाठीवर हात ठेवला, मग गाडीवानाशी बोलायला सुरुवात केली. गाडीवान चाळिशीचा, लुंगी नेसलेला.

"जुळलाय का?"

"कधीच जुळला. जुना हाय."

"पत्री कितीदा मारता? खाऱ्या पान्यात लोखंड टिकत न्हाई."

"लवकर झिजतं. काय करनार?"

"आन् कातडं?"

"रोज गोड्या पान्यानं धुतो. नाय धुतला तर खाज सुटते त्याला."

आण्णांनी बैलाचा जबडा उघडून दात पाहिले, खूर उचलून पाहिला, खांदा चाचपला. खांद्यावर जखम नव्हती. हे त्यांनी दोनदा पाहिलं. मग विचारलं, "कुठला बैल?"

"घाटावरचा. आमच्याकडं असली जात कुठं? दलालानं आनला. कुठल्या बाजाराचा ते नाय ठाऊक." मग आण्णांकडं बघून, "तुमी घाटावरचे काय?"

"घोडेगावचा. शुक्रवारचा बाजार."

गाडीवानानं मान हलवली. घोडेगाव त्यानं ऐकलं नव्हतं. तो आमचा बैल नव्हता, हे मी इथंच सांगून टाकतो. आमची जोडी पांढरी होती, हा कोसा होता. पण जोडी विकल्यापासून ती कुठं गेली असेल, कोणत्या हातात, की हात नसलेल्या ठिकाणी, हा प्रश्न आमच्या घरात कुणीच तोंडानं विचारलेला नव्हता. दुष्काळात विकलेला बैल कुठं जातो ते बाजारच्या गावातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आण्णा त्या बैलाच्या वशिंडावर हात फिरवत उभे राहिले. मग मला म्हणाले, "गाडीतलं फडकं आन."

तीन दिवसांच्या भाकरी, पापडासारख्या वाळलेल्या. आण्णांनी एकेक मोडून दोन्ही बैलांना चारल्या. बाजरी त्यांना ओळखीची होती की नव्हती कोण जाणे, पण त्यांनी मटामटा खाल्ल्या. गाडीवान हसत होता. त्यानं आग्रह करून एक मोठी सुरमई आमच्या पिशवीत टाकली, पैसे घेईना. आता माळकऱ्यानं काय करावं? आण्णांनी हात जोडून ती घेतली आणि मेहुण्यांच्या हातात दिली. बंदरावर चुलीवाल्या बाया असतात, आपण घेतलेला मासा त्या साफ करून, मसाला लावून तळून देतात. आम्ही तिथंच बसून खाल्ली. इतकी ताजी सुरमई मी त्याआधी खाल्ली नव्हती. आण्णा वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून चहा पीत होते आणि आईला म्हणाले, "खायची तर खा की. म्या कुठं बघतोय?" आईनं दोन तुकडे खाल्ले.

शेवटच्या दिवशी आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जाऊन आलो. वरून खाडी, नारळीची बनं आणि दूरवर समुद्र दिसतो. जायचं तर सकाळीच जावं, चढण उन्हात अंगावर येते. परतताना आईनं काकूंकडून आमसुलं घेतली आणि आण्णांनी शेरभर कुळीथ. "आपल्याकडं काय हुलगं मिळत न्हाईत का?" असं मी म्हणालो तर म्हणाले, "बी बदलून बघू."

परत येताना पुण्याच्या पुढं कुठंतरी, अंधारात, पोरं झोपलेली असताना आण्णांनी जोडी कितीला दिली तो आकडा आईला सांगितला. मी पुढं ड्रायव्हरशेजारी होतो, मला ऐकू आला. आई म्हणाली, "एवढ्यातच?" मग नगर येईपर्यंत दोघंही हळूहळू बोलत होती.

ते कुळीथ मृगानंतर आम्ही बांधाच्या कडेच्या हलक्या पट्ट्यात टाकलं. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं केली.