शिलालेखांतली बोलणारी माणसं

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या शहापूरला भाषांची श्रीमंती पहिल्यापासूनच. जवाहरनगरचा आयुध कारखाना जवळ, म्हणून बाजारात बंगाली, हिंदी, तेलुगू कानांवर पडे. घरात मात्र आमची झाडीबोली, ‘पानी’ आणि ‘सेत’ म्हणणारी. शाळेच्या वहीत हे शब्द लाल शाईने दुरुस्त व्हायचे आणि आपली आजी चुकीचं बोलते, असं वाटून जीव खट्टू व्हायचा.

नागपूरला शिकायला गेलो तेव्हा प्राकृत शिकवणाऱ्या सरांनी एक ग्रंथ हाती ठेवला : ‘हिस्टॉरिकल ग्रामर ऑफ इन्स्क्रिप्शनल प्राकृत्स’. लेखक मधुकर अनंत मेहेंदळे. डेक्कन कॉलेजात सुमित्र मंगेश कत्रे यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी 1943 मध्ये पीएच.डी. मिळवली आणि तो अभ्यास 1948 मध्ये ग्रंथरूपाने आला. अशोकापासून पुढच्या काही शतकांतल्या प्राकृत कोरीव लेखांचं हे व्याकरण. कुठला ध्वनी कुठल्या प्रदेशात, कुठल्या काळात कसा बदलला, याची नोंद पानामागून पान चालते. गिरनारच्या लेखात ‘राजा’ आहे, तर पूर्वेकडच्या धौलीला ‘लाजा’. पूर्वेकडच्या त्या लेखांत ‘ण’ औषधालाही सापडत नाही, सगळीकडे ‘न’च. वाचताना मी थबकलो. आजीच्या बोलीचं त्या लेखांशी थेट नातं आहे, असं मला म्हणायचं नाही. पण सम्राटाच्या आज्ञाही त्या त्या मुलखाच्या बोलीत कोरल्या गेल्या आणि इतका मोठा विद्वान त्यातल्या एकाही रूपाला अशुद्ध म्हणत नाही, एवढं मला पुरेसं होतं. त्या रात्री झोप लागली नाही.

मग मी त्यांचं मिळेल ते वाचत गेलो. जन्म 14 फेब्रुवारी 1918चा, निमाडमधल्या हरसूदचा. बागलकोट आणि नवसारीच्या कॉलेजांत त्यांनी शिकवलं, मग आयुष्याची बरीच वर्षं डेक्कन कॉलेजला दिली. मधल्या काळात जर्मनीत ग्योटिंगेन आणि अमेरिकेत येल इथेही राहून आले. वेदांची संस्कृत आणि पारश्यांच्या अवेस्ताची भाषा या सख्ख्या बहिणी. एकीकडचा ‘सप्त’ दुसरीकडे ‘हप्त’ होतो, ‘सोम’ ‘हओम’ होतो, आणि हे एकदोन शब्दांत नाही, तर नियमाने घडतं. मेहेंदळे या दोन्ही घरांत सारख्याच सहजतेने वावरले. यास्काच्या निरुक्तावरची त्यांची टिपणं वाचताना अडीच हजार वर्षांपूर्वीचा माणूस समोर बसवून त्याच्याशी आदराने वाद घालणारा अभ्यासक दिसतो. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी 1877 मध्ये ज्या विल्सन व्याख्यानमालेत भाषाविज्ञान मांडलं, त्याच मालेत मेहेंदळेही बोलले. ही परंपरा मराठी माणसाने मिरवावी अशीच आहे.

मेहेंदळ्यांचं हरसूद 2004 मध्ये नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणात बुडालं. आमच्याकडच्या गोसेखुर्दच्या धरणालाही इंदिरा सागरच म्हणतात, आणि वैनगंगाकाठच्या गावांचं उठणं आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. गावासोबत तिथलं बोलणंही पांगतं, ते कुठल्याच मोबदल्याच्या यादीत धरलं जात नाही.

डेक्कन कॉलेज सुटल्यावर दुसरा कुणी विसावला असता. त्यांनी भांडारकर संस्थेत महाभारताच्या सांस्कृतिक सूचीचं अफाट काम अंगावर घेतलं. नावं, शस्त्रं, नद्या, कालगणना असं सगळं श्लोकागणिक वेचायचं. द्यूतावर लिहिलं, युद्धाच्या नियमांवर लिहिलं. 19 ऑगस्ट 2020 रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा त्यांनी वयाची 102 वर्षं ओलांडली होती.

त्यांचा ग्रंथ निघाल्यावर वीसेक वर्षांनी, 1969-70 मध्ये, आमच्याच जिल्ह्यातल्या पवनीला उत्खनन झालं. स्तूप निघाला, ब्राह्मीत कोरलेले प्राकृत लेख निघाले. दान देणाऱ्या साध्या माणसांची नावं त्यांत आहेत. आमच्याकडचं एखादं पोर भाषाविज्ञान घेतो म्हणालं, की मी त्याला आधी पवनीला नेतो आणि मग मेहेंदळ्यांचा ग्रंथ देतो. पहिल्या पानापासून वाचू नकोस, म्हणतो. आधी पूर्वेकडच्या लेखांचा ‘न’ काढ, आणि घरी जाऊन आजीशी बोल.