एरंडोल म्हणजे नेमकं किती?

एरंडोल तालुक्याची १९९१ आणि २००१ या दोन जनगणनांमधली लोकसंख्या शेजारी-शेजारी ठेवली, की मोठी घसरण दिसते. माणसं कुठे गेली नव्हती. मधल्या काळात धरणगाव स्वतंत्र तालुका झाला होता. धुळ्याचं तेच. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, आणि त्याआधीच्या आकड्यांतलं धुळे आजच्या धुळ्याहून कितीतरी मोठं आहे.

पीक-पावसाच्या आमच्या पायथॉन फाईलमध्ये धरणगाव पुन्हा एरंडोलात मिळवणाऱ्या दोन ओळी आहेत. संगणकाला तेवढ्या पुरतात. पुण्यात बसून तीच फाईल उघडणाऱ्या सहकाऱ्याला मात्र ही बेरीज का, हे त्या ओळी सांगत नाहीत. म्हणून त्यांच्या डोक्यावर टिपण आहे: तालुका कधी फुटला, जुनी हद्द कशासाठी धरली, आणि ही बेरीज कुठे करायची नाही. शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. पेऱ्याचे हेक्टर बेरजेत चालतात. दर हेक्टरी उत्पादन काढताना मात्र क्षेत्राच्या प्रमाणात सरासरी घ्यावी लागते.

‘इथे बेरीज केली’ असं लिहिण्यात अर्थ नाही, ते कोडमध्ये दिसतंच. लिहायचा असतो तो निर्णय, आणि तो घेतला त्याच दिवशी. महिन्याभराने कारण आठवत नाही, नुसती सवय उरते.

पावसाचं तर विचारूच नका. हवामान खात्याच्या नोंदीत १४ जुलैचा पाऊस म्हणजे १३ च्या सकाळी साडेआठपासून १४ च्या साडेआठपर्यंत पडलेला. उपग्रहाच्या आकडेवारीतला दिवस बहुधा ग्रिनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. दोन्हीकडे रकान्याचं नाव ‘तारीख’च. एवढं एक वाक्य लिहिलेलं नसेल, तर जोडलेल्या तक्त्यात पाऊस चुकीच्या दिवशी पडतो. खात्याच्या चौकटवार आकडेवारीत जिथे नोंद नाही तिथे उणे ९९९ असतं. उणे पाऊस निदान डोळ्यांत खुपतो. तिथे कुणी शून्य भरलं, की एक कोरडा दिवस तयार होतो आणि तो कुणालाच खटकत नाही. अशा शून्यांवरून कुणी खंड पडल्याचा निष्कर्ष काढला, तर त्याची झळ कपाशी लावणाऱ्याला लागू शकते. टिपण लिहायचा कंटाळा मला म्हणूनच परवडत नाही.

डोनाल्ड क्नुथ यांनी १९८४ मध्येच मांडलं होतं, की प्रोग्राम आधी माणसाला समजावा अशा बेताने लिहावा. आम्ही त्याची परीक्षा साधी ठेवली आहे. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला फाईल द्यायची, कोऱ्या संगणकावर पहिल्यापासून चालवायला सांगायची आणि शेजारी बसून गप्प राहायचं. तो जे विचारेल त्याचं उत्तर आधी टिपणात लिहायचं, मग तोंडी द्यायचं. अशाच एकाने विचारलं, कापसाचं उत्पादन गाठींत आहे की क्विंटलमध्ये? गाठ १७० किलो रुईची आणि बाजारातला क्विंटल सरकीसकट कापसाचा. नुसत्या वजनाने भागून एकाचं दुसरं होत नाही, मधे रुईचा उतारा धरावा लागतो. हे आता फाईलच्या पहिल्याच ओळीत आहे, कोणत्या वर्षासाठी किती उतारा धरला त्याच्यासह.