गडबची फार्गो

मुंबई-गोवा हमरस्त्याने कोकणात उतरणाऱ्या बहुतेकांना गडब हे गाव खिडकीतून दिसते आणि खिडकीतूनच मागे पडते. पेण सुटले, वडखळचा अलिबाग-फाटा गेला, डोलवीचा पोलाद कारखाना दिसला, की गडब आले. पुढे कासू, मग नागोठणे. या रस्त्याचा क्रमांक पूर्वी १७ होता, आता ६६ आहे. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरांचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि इतके रेंगाळले की, इकडच्या मुलांना बाराखडीच्या आधी ‘काम चालू आहे’ ही पाटी वाचता आली असेल!

गेल्या पौषात मी गडबला दोन दिवस मुक्कामाला होतो. माझ्या एका विद्यार्थ्याचे घर तिथे. आमंत्रण वालाच्या शेंगांच्या पोपटीचे होते. पण अंगणात पाऊल टाकताच लक्ष वेधून घेतले ते आंब्याखाली उभ्या असलेल्या एका जुन्या ट्रकने. निळा रंग उडालेला, नाक पुढे काढलेले, आणि त्या नाकावर अक्षरे ‘फार्गो’.

वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना हे नाव आठवेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, डिसोटो आणि फार्गो या गाड्या बाहेर पडू लागल्या. टाटांचा मर्सिडीज-बेंझ ट्रक जमशेदपुराहून निघाला तो त्यानंतर, १९५४ साली.

गाडी विद्यार्थ्याच्या आजोबांची. गाव त्यांना आबा म्हणते. या गाडीने आबांनी मीठ वाहिले, भात वाहिले, पेणच्या गणपतीच्या मूर्ती मुंबईला पोचवल्या. दोन मुलींची लग्ने तिच्याच भाड्यावर केली. आता ती भाड्याला जात नाही. गावाच्या गणपतीला तेवढी निघते. परंतु पासिंगची तारीख तोंडावर आली होती, आणि गाडीने नेमका त्याच वेळी असहकार पुकारला होता. तिसरा गिअर सुटत होता. हमरस्त्यावरच्या एका मोठ्या गॅरेजने सांगितले, “अख्खा गिअरबॉक्स बदला; आणि तो मिळणार नाही.” भंगारवाला वजनाचा हिशेब करून गेला होता. मुलगा म्हणत होता, “आबा, द्या आता.” आबा काहीच म्हणत नव्हते.

शेवटचा उपाय म्हणून पेणहून एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले होते. त्यांनी हत्यारांच्या पेटीला हातसुद्धा लावला नाही. बाकावर बसून चहा घेतला आणि विचारले, “आबा, गिअर सुटतो तो चढावर, की उतारावर?”

“उतारावर. पाय काढला, की दांडा आपोआप न्यूट्रलला येतो.”

“सगळे सुटतात?”

“नाय. तिसराच.”

मिस्त्रींनी मान डोलावली. मी मराठीचा मास्तर. प्रश्न नीट विचारला, की निम्मे उत्तर मिळते, हे वर्गात नेहमी सांगतो. ते प्रत्यक्ष पाहिले ते त्या अंगणात.

त्यांनी मला समजावून सांगितले ते असे. गाडी ओढत असते, तेव्हा इंजिन चाकांना ढकलते. उतारावर पाय काढला, की उलटे होते. चाके इंजिनाला ढकलतात आणि इंजिन गाडीला आवरून धरते. दातांवरचा दाब त्या क्षणी बाजू बदलतो. दात झिजून निमुळते झाले असतील किंवा गिअरला जागी धरणारी पकड सैल पडली असेल, तर गिअर याच वेळी निसटतो. मग भरल्या गाडीचे सारे ओझे एकट्या ब्रेकवर येते. ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. “खिंडीत माणूस मरतो तो असा,” मिस्त्री शांतपणे म्हणाले. मुलाचा आग्रह निव्वळ पैशाचा नव्हता, हे मला तेव्हा कळले.

पुढची तपासणी स्वस्तापासून महागाकडे चालली. प्रथम क्लच. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबला, क्षणभर थांबले आणि रिव्हर्स टाकला. करकर झाली नाही; म्हणजे क्लच नीट सुटत होता. मग न्यूट्रलमध्ये कान दिला. क्लच सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर शांत, असे झाले असते तर बेअरिंगवर संशय, तसेही नव्हते. मग गिअरबॉक्स धरणारे बोल्ट पाहिले, कारण खोकेच हलले तरी गिअर सुटू शकतो. बोल्ट घट्ट होते. मग तेल काढून बोटांवर चोळले. राखाडी, मऊ चिखल असेल तर ते वयाचे लक्षण. पोलादाचे कपचे निघाले तर दात तुटले समजावे. इथे नुसता चिखल होता. आबांचा चेहरा प्रथमच थोडा सैल झाला.

दांडा मात्र ताकातल्या रवीसारखा चौफेर फिरत होता. मिस्त्रींनी दांड्यासकट वरचे झाकण उचलले. आत तीन सळया. प्रत्येकीवर एक काटा, तो गिअर सरकवतो. गिअर बसला, की स्प्रिंगने दाबलेली एक पोलादी गोळी सळईच्या खाचेत पडते आणि तिला तिथे धरून ठेवते. तिसऱ्या गिअरच्या सळईवरची स्प्रिंग मोडून तिचे दोन तुकडे झाले होते. गोळी नुसतीच लोळत होती. दांड्याचे खालचे टोकही झिजून बोथट झाले होते, म्हणून गिअर पुरता आत जातच नव्हता. दातांच्या कडा मिस्त्रींनी नखाने चाचपल्या, शाफ्ट पुढेमागे हलवून पाहिला आणि म्हणाले, “दात शाबूत आहेत, आबा. रोग वरचा आहे.”

दुसऱ्या दिवशी पेणहून दांड्याचे टोक भरून, घासून आले. नव्या स्प्रिंगा आणि बुश बसले. तेल घातले ते ९० नंबरचे साधे. हल्लीची जास्त दाबाची काही तेले पितळी भागांना खातात, असे मिस्त्रींनी बजावले. मग भाताची पोती भरून गाडी नागोठण्यापुढच्या सुकेळी खिंडीत नेली. मी मध्ये बसलो होतो. आबा उतारावर खालच्या गिअरमध्ये आले ते जुन्या रीतीने: क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून किंचित रेस, पुन्हा क्लच, आणि गिअर. जुन्या ट्रकांत पुष्कळदा सिंक्रोमेश नसे. दोन चाकांची गती जुळवण्याचे काम चालकाच्या पायालाच करावे लागे. आबांनी पाय काढला. दांडा जागचा हलला नाही. कोणी काही बोलले नाही. पण मुलाने खिडकीबाहेर पाहत डोळे पुसले, ते मला आरशात दिसले.

पासिंग झाले. भंगारवाल्याला आबांनी चहा पाजून परत पाठवले.

वाचकहो, तुमच्या दारी ट्रक नसेल, पण जुनी मोटार असू शकेल. तिचा गिअर रुसला तर गॅरेजात जाण्यापूर्वी चार गोष्टी टिपून ठेवा: कोणता गिअर, चढावर की उतारावर, गाडी गार असताना की तापल्यावर, आणि क्लच दाबल्यावर आवाज थांबतो की नाही. एवढे सांगितले, तर चांगला कारागीर खोके उघडण्याआधीच अर्ध्या वाटेवर पोचतो. आणि कोणी ‘सगळेच बदला’ म्हणाला, तर आधी झाकण तेवढे उचलून पाहायला सांगा. त्या स्प्रिंगेची किंमत आमच्या चहापोह्यांपेक्षा कमी होती.