तासाबाहेरचा वेळ

बंगळुरूच्या कोरमंगलातली संध्याकाळ दप्तरांवरून ओळखावी. शाळेची दप्तरं साडेपाचपर्यंत घरोघर पोचून कोपऱ्यात पडलेली असतात. त्यानंतर रस्त्यावर दिसतात ती जरा मोठ्या पाठींवरची, कॉलेजातल्या मुलामुलींची, आणि ती घरी परतत नसतात, कामाला निघालेली असतात. ऐंशी फुटी रस्त्याच्या गजबजाटातून वाट काढत, फिल्टर कॉफीच्या आणि ओल्या पालापाचोळ्याच्या संमिश्र गंधातून ही मुलं तिसऱ्या ब्लॉकच्या निवांत, श्रीमंत गल्ल्यांत शिरतात, फाटकावरच्या रखवालदाराच्या वहीत नाव आणि वेळ लिहितात, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द टाकतात: ट्यूशन.

माझी भाची त्यांच्यातलीच. बेळगावहून संख्याशास्त्र शिकायला आली, एस. जी. पाळ्यातल्या एका पीजीत दोघींच्या खोलीत राहते, आणि आठवड्यातून तीन दिवस सातवीतल्या एका मुलाला गणित शिकवते. सुरुवातीला त्या घरच्यांनी विचारलं, "तासाचे किती घेणार?" तर हिच्या तोंडून "तुम्हाला योग्य वाटेल ते" असं निघून गेलं, आणि त्यांना ४०० योग्य वाटले. वर्ष सरत आलं तेव्हा एका रविवारी माझ्याकडे जेवायला आली असताना ताटातल्या भाताशी चाळा करत तिने विचारलं, "मावशी, आता किती सांगू गं?" समीकरणं लीलया सोडवणारी ही मुलगी स्वतःच्या श्रमाच्या आकड्यापाशी येऊन अशी अडखळलेली पाहिली आणि मला फार जवळचं काही आठवलं.

आमच्या घरात शिकवण्याचे पैसे कुणी मागितलेच नव्हते. माझे वडील, म्हणजे तिचे आजोबा, प्राथमिक शाळेत मास्तर. संध्याकाळी ओसरीवर कंदिलाभोवती गावची मुलं बसायची, आणि सुगीत कुणी रताळी, कुणी शेंगांचं गाठोडं आणून ठेवलं तरी वडील संकोचायचे. विद्या विकायची नाही, ही श्रद्धा त्या ओसरीवरच्या शेणाच्या सारवणात जणू मुरलेली होती. ती श्रद्धा निर्मळ होती, यात मला आजही शंका नाही. पण त्या दानामागे महिन्याच्या महिन्याला येणारा शाळेचा पगार आणि दोन एकर भात उभं होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आणि पीजीचं भाडं दर पाच तारखेला भरणाऱ्या मुलीच्या पाठीशी असं काहीच उभं नसतं.

आपल्याकडे हा संकोच जुना, आणि थोरामोठ्यांनाही चुकलेला नाही. पुण्यात १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघालं, आणि आजीव सदस्यांनी महिना ७५ रुपयांवर आयुष्यातली उमेदीची वर्षं वाहून टाकली. त्यागाची ती सोयरीक इतकी उजळ होती. तरीही पगार वाढवावा का, बाहेरची मिळकत करावी का, या प्रश्नांवरून त्या स्नेह्यांमध्ये कटुता आली आणि १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. टिळकांना व्रत अखंड हवं होतं. आगरकर-गोखल्यांना घरसंसाराचं ओझं दिसत होतं. मला दोन्ही बाजू वाचताना वाईट वाटतं, कारण खोटं कुणीच बोलत नव्हतं. पुढच्याच वर्षी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले ते धोंडो केशव कर्वे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागवला होता. अर्धपोटी विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या मुलाला गणित शिकवून आपली फी भरावी, ही वाट अशी मळलेली आहे, फक्त त्या वाटेवरच्या कष्टांचं मोजमाप कुणी नीट लिहून ठेवलेलं नाही.

म्हणून त्या रविवारी आम्ही दोघींनी तिची वही घेतली. शिकवणीचा तास एक. पण पाळ्यातून तिसऱ्या ब्लॉकला पोचायला चाळीस मिनिटं, परतायला चाळीस. २०१७ साली काम सुरू होऊन वर्षानुवर्षं रेंगाळलेल्या एजिपुरा उड्डाणपुलाच्या खांबांनी इथली रहदारी अशी काही अडवून ठेवली की सोनी वर्ल्ड सिग्नलला बस नुसती उभीच राहते. आदल्या रात्री उदाहरणं काढायला, त्या मुलाच्या चुका पाहून नवी गणितं रचायला पंचवीस मिनिटं. एकूण पावणेतीन तास. चारशेला पावणेतीनने भागलं तेव्हा तिची पेन्सिल थांबली. खऱ्या तासाला १४५ रुपये पडत होते. ती कर्नाटकची रहिवासी म्हणून जून २०२३ पासून बायकांसाठीच्या शक्ती योजनेत बसचं तिकीट तरी पडत नाही. तिच्या वर्गातल्या मुलग्यांना तेही पडतं. तिच्या प्रवासाचा खर्च सरकारने उचलला, वेळ मात्र अजून तिच्याच पदरात होता.

मजुरीच्या तफावतीची कारणं अ‍ॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात सांगितली आहेत: काम किती सुखाचं, शिकायला किती कठीण, किती नियमित मिळणारं, किती विश्वासाचं, आणि त्यात यश येण्याचा संभव किती. मला यातली नियमितपणाची गोष्ट फार खरी वाटते. परीक्षा संपल्या की एप्रिल-मेमध्ये शिकवणी थांबते, भाडं थांबत नाही. पाहुणे आले, वाढदिवस निघाला, मुलाला सर्दी झाली की बसमध्ये बसल्यावर "आज नको" असा निरोप येतो. आणि विश्वास! एका परक्या घरात लेकराच्या शेजारी बसून त्याच्या मनातली गणिताची भीती हलक्या हाताने सोडवायची, याचा दर कशात धरायचा? स्मिथ स्वतः १७६४ मध्ये ग्लासगोतली प्राध्यापकी सोडून एका तरुण ड्यूकचा शिक्षक झाला, वर्षाला ३०० पौंड, आणि नंतर तेवढंच निवृत्तिवेतन आयुष्यभर. पण सत्राच्या मध्येच निघावं लागलं म्हणून त्याने विद्यार्थ्यांची फी त्यांना परत देऊ केली. मुलं घेईनात, तरी त्याने ती आग्रहाने हातात ठेवली. पैशाचा एवढा हिशेब मांडणारा माणूस न दिलेल्या तासांचं ओझं बाळगू शकला नाही, हे मला त्याच्या सिद्धान्तांहून अधिक मोलाचं वाटतं.

या शहराने शिकवण्याच्या किमतीची टोकंही पाहिली. इथल्याच बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचं मोल २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर धरलं गेलं आणि २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. दोन्ही गोष्टी माझ्या आकलनापलीकडच्या. भाचीच्या वहीतला आकडा मला समजतो.

त्या वहीत आणखी एक ओळ होती. पीजीत स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंची मुलगी नववीत आहे; रविवारी सकाळी ती हिच्याकडे बीजगणित शिकते. हिने पैसे नको म्हटलं होतं, पण त्या माउलीने ऐकलं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला ३०० रुपये, दोन्ही हातांनी. "मी फुकट घेतलं तर माझी पोर प्रश्न विचारायला कचरेल," असं त्या म्हणाल्या. मी यावर फार दिवस विचार करते आहे. देणाऱ्याने आपणहून मोल लावलं की घेणाऱ्याचा संकोच कसा विरघळतो, आणि शिकणाऱ्यालाही ताठ बसता येतं! ते तीनशे आम्ही भागाकारात धरले नाहीत; त्यांना कशाने भागायचं हे आम्हा दोघींनाही सुचलं नाही.

तिसऱ्या ब्लॉकसाठी मात्र आम्ही ठरवलं. तिची मैत्रीण खोलीत बसून एका कंपनीच्या याद्या तपासते, त्याचे तासाला २०० मिळतात. त्याहून कमी घ्यायचं नाही. पावणेतीन तासांचे साडेपाचशे. निघाल्यावर निरोप आला तर तो तास झाला असं धरायचं. तिच्या परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी, त्या सुट्टीचे पैसे नकोत. तिने हे सगळं फोनवर लिहिलं, "क्षमा करा" हे शब्द दोनदा घातले, दोन्हीदा मी खोडायला लावले, आणि मग पाठवलं.

उत्तर तासाभरात आलं. मुलाच्या आईने लिहिलं होतं की तो आता पेपर पाहून रडत नाही, साडेपाचशे ठीक आहेत, आणि जमलं तर अक्काने शनिवारीही यावं. भाचीने जरा विचार केला आणि शनिवार नाही म्हणून कळवलं. संभाव्यतेचा तिचा स्वतःचा अभ्यास राहिला होता.