‘काही तक्रार आहे का?’

रिमांडच्या वेळी न्यायदंडाधिकारी आरोपीला एक प्रश्न विचारतात. पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? कोर्टाच्या मागच्या बाकावर बसून आम्ही हा प्रश्न अनेकदा ऐकला आहे. उत्तर जवळपास दर वेळी एकच असते. ‘नाही साहेब.’

मिरजगावच्या आसपासच्या एका पारधी वस्तीवरचा पोरगा. वय एकोणीस-वीस. त्याचे नाव लिहीत नाही, ठाणे कोणते तेही लिहीत नाही, कारण घरच्यांना अजून त्याच रस्त्याने बाजाराला जायचे असते. विहिरीवरच्या मोटारी चोरीला गेल्या की पोलिसांची पहिली गाडी कोणत्या वस्तीकडे वळते, हे आमच्या भागात कुणाला सांगावे लागत नाही. त्याला सोमवारी उचलले. कागदावर अटक दाखवली बुधवारी. गुरुवारी कोर्टात आणले तेव्हा तो टाच टेकवत नव्हता, पायाच्या कडेवर उभा राहत होता. साहेबांनी प्रश्न विचारला. तो म्हणाला, ‘नाही साहेब.’ कोठडी वाढली.

बाहेर व्हरांड्यात त्याची आई आम्हाला म्हणाली, ‘दादा, ह्यो नाही का म्हणला?’

आम्ही समाजशास्त्रात एम. ए. केले आहे. सत्ता, भीती, कलंक या विषयांवर पानेच्या पाने लिहून मार्क मिळवले आहेत. त्या माऊलीला द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हते. ते पुढे जामीन झाल्यावर पोरानेच दिले. ‘मागं तेच उभं होतं. हो म्हणलो असतो तर रात्री कुणाकडं जायचं होतं?’

हा प्रसंग आम्ही बराच काळ मनात ठेवून होतो. डिसेंबर २०२४ मध्ये परभणी घडली आणि तो पुन्हा समोर येऊन उभा राहिला.

परभणीचा घटनाक्रम आपल्याला पाठ आहे. १० डिसेंबरला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ ला बंद, दगडफेक, जाळपोळ आणि मग वस्त्यांमध्ये कोंबिंग. कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी अटक झालेल्यांत होता. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला मृत्यू. छत्रपती संभाजीनगरला शवविच्छेदन झाले. प्राथमिक अहवालात मृत्यूचे कारण लिहिले होते, अनेक जखमांमुळे आलेला शॉक.

त्याच आठवड्यात मुख्यमंत्र्यांनी नागपूरच्या अधिवेशनात सांगितले की सोमनाथला मारहाण झालीच नाही. त्याला श्वसनाचा आजार होता. आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारले तेव्हा त्याने मारहाणीची तक्रार केली नव्हती.

इथे थोडे थांबू. सोमनाथ कोर्टात ‘नाही’ म्हणालाही असेल. पण ते ‘नाही’ कोणत्या खोलीत, कुणाच्या देखत आणि कोणत्या रात्रीच्या आदल्या दिवशी उच्चारले गेले, हे बाजूला ठेवून ते विधानसभेत पुरावा म्हणून मांडता येते का? आमच्या वस्तीवरचा पोरगाही ‘नाही’च म्हणाला होता. तो त्या कोठडीत मेला असता तर त्याचेही ‘नाही’ सरकारने असेच पुढे केले असते.

अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करा, ही तरतूद संविधानात आली कशी, हे चळवळीतल्या पोरांना फारसे माहीत नसते. आम्हालाही उशिराच कळले. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेने जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या कलमात ‘ड्यू प्रोसेस’ न ठेवता ‘कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती’ एवढेच ठेवले. म्हणजे कायदेमंडळाने कसाही कायदा केला तरी चालेल, अशी धास्ती तयार झाली. सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी स्वतः १५-अ हे नवे कलम मांडले. जे गेले त्याची ही भरपाई आहे, अशी त्यांची भूमिका होती. चोवीस तासांत हजर करणे आणि वकिलाचा हक्क या गोष्टी फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासून होत्याच. मग संविधानात कशाला? तर साधा कायदा कोणतेही सरकार बदलू शकते, मूलभूत हक्क तसा बदलता येत नाही, म्हणून. तेच आजचे कलम २२.

तर हे दार बाबासाहेबांनी कोठडीतल्या माणसासाठी ठेवले. परभणीत सरकार त्याच दारातून बाहेर पडायला बघत होते.

त्यांना ते जमले नाही, याचे श्रेय आपण मोर्च्यांना देतो. मोर्चे निघाले ते योग्यच होते, आम्हीही तहसीलवर निवेदन घेऊन गेलो होतो. पण हे प्रकरण टिकले ते विजयाबाई सूर्यवंशी या आईमुळे, असे आमचे ठाम मत आहे. मुलगा गेल्यावर तीन दिवसांत, १८ डिसेंबरला, त्यांनी पोलिसांत लेखी तक्रार दिली. सरकारने जाहीर केलेली दहा लाखांची मदत नाकारली. अंत्यविधी परभणीत करू नका, दोन्ही मुलांना पोलीस खात्यात नोकरी देऊ, असे आमिष दाखवले गेल्याचा आरोप केला. आणि मग औरंगाबाद खंडपीठात याचिका केली. त्यांच्या बाजूने ॲड. प्रकाश आंबेडकर उभे राहिले. ४ जुलै २०२५ ला खंडपीठाने त्यांच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवा असा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. एका आईच्या तक्रारीवर एफआयआर होऊ नये म्हणून दिल्लीपर्यंत वकील गेले, हे आपण विसरू नये. ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला आणि त्यानंतर परभणीत गुन्हा नोंदवला गेला, अनोळखी पोलिसांविरुद्ध.

सात महिने लागले, आणि तेही फक्त गुन्हा नोंदवायला.

चळवळीतले काही मित्र म्हणतात, कोर्टाच्या नादी लागून काय मिळते? खर्डा आठवा. त्यांचे म्हणणे आम्ही उडवून लावत नाही. खर्डा आमच्या शेजारच्या जामखेड तालुक्यात. नितीन आगेला एप्रिल २०१४ मध्ये मारले, साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. त्या दिवशी आमच्या भागात कुणाच्या घरात नीट चूल पेटली नसेल. पण याचा अर्थ आम्ही उलटा लावतो. साक्षीदारावर दबाव येणार हे ठाऊक असते, तर मग पहिल्या दोन दिवसांतला कागद आपण इतका सैल का सोडतो?

कोठडीतल्या प्रकरणात तर साक्षीदार बहुधा कोठडीतलाच असतो. तो बोलला तर त्याचीही पाळी येते. आणि तरीही तो बोललाय. तिहारच्या सुनील बत्राने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिले ते स्वतःसाठी नव्हे. दुसऱ्या कैद्याला पैशासाठी वॉर्डनने अमानुष इजा केली, म्हणून. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि कैद्याचे मूलभूत हक्क तुरुंगाच्या दरवाजात गळून पडत नाहीत हे तत्त्व पक्के झाले. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा यांचा मुलगा पोलीस ठाण्यातून रेल्वेरुळावर मृत सापडला. त्यांनीही १९८८ मध्ये पत्रच लिहिले, आणि १९९३ च्या निकालाने कोठडीतल्या मृत्यूची भरपाई ही सरकारची मेहरबानी नसून जबाबदारी आहे हे ठरले. विजयाबाई ज्या रस्त्याने गेल्या तो या लोकांनी पाडलेला आहे. भायखळ्याच्या महिला तुरुंगात जून २०१७ मध्ये मंजुळा शेट्ये गेली. नाश्त्यातली अंडी आणि पाव कमी भरले एवढ्यावरून तिला मारल्याचा आरोप होता. तेव्हाही तोंड उघडले ते सोबतच्या कैदी बायकांनी. त्यातून सहा तुरुंग कर्मचारी अटकेत गेले. आणि आवाज उठवणाऱ्या बायकांवर दंगलीचा गुन्हा दाखल झाला, तोही लक्षात ठेवा.

मंजुळासाठी आपण किती जण रस्त्यावर होतो? आम्ही नव्हतो. ती शिक्षा झालेली कैदी होती, आमच्या नजरेत बसली नाही.

आर्थर रोडचे तर विचारूच नका. मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या कैद्यांना जून २००८ मध्ये तिथे तुरुंग अधिकाऱ्यांनी बेदम मारले. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. तुरुंगाचे म्हणणे होते, कैद्यांनीच दंगा केला. न्यायालयाने चौकशी करवून घेतली आणि २००९ मध्ये अतिरेकी बळ वापरल्याचा निष्कर्ष काढून अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितले. तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. बातमी वाचली असेल तरी पान उलटले असणार. अतिरेकी म्हणून पकडलेल्यांना मार पडला, त्यात काय? नंतर २१ जुलै २०२५ ला, परभणीच्या आदेशानंतर सतरा दिवसांनी, उच्च न्यायालयाने त्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यातला एक तोवर तुरुंगातच मेला होता. सरकार अपिलात गेले आहे आणि तो निकाल नजीर म्हणून वापरायला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आहे, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलेले नाही.

मित्रहो, सोमनाथ वडार समाजातला. भटक्या-विमुक्तांतला. त्याला आपण ‘आपला’ म्हटले ते निळा झेंडा आणि संविधान त्याने आपले मानले म्हणून. आमच्या वस्तीवरच्या पारधी पोराने कधी जयंतीच्या मिरवणुकीत गुलाल उधळला नाही. त्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो नाही. मग तो कोणाचा?

त्याच्या वेळी आम्ही काय केले ते लिहायलाच हवे, कारण चूक तिथे आहे. त्याला उचलल्याचे सोमवारी रात्रीच कळले होते. दोन दिवस आम्ही निवेदन टाइप करण्यात, सह्या गोळा करण्यात आणि एका पुढाऱ्याला फोन लावण्यात घालवले. त्याच रात्री, घरातून उचलल्याची वेळ लिहून, एक अर्ज पोलीस अधीक्षकांना आणि एक दंडाधिकाऱ्यांना ईमेलने गेला असता तर ‘अटक बुधवारी’ हे लिहिणे इतके सोपे राहिले नसते. अटक झाल्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासून अंगावरच्या खुणा लिहायच्या असतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे त्या अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळते. ती आम्ही मागितलीच नाही. मागायची असते हेच घरच्यांना ठाऊक नव्हते, आणि आम्हाला ठाऊक असून सुचले नाही. कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी हवी, असे डी. के. बसू निकालात १९९६ पासून आहे. ठाण्यातल्या सीसीटीव्हीबद्दल डिसेंबर २०२० चा परमवीर सिंग सैनी निकाल आहे. चित्रण जपायचे असते, मागता येते. पण उशीर झाला की ‘त्या दिवशी कॅमेरा बंद होता’ हे उत्तर तयार असते. आणि कोर्टात तो ‘नाही साहेब’ म्हणाला तेव्हा विधी सेवेच्या वकिलाच्या कानात एवढे सांगायला हवे होते, की साहेब, त्याला चालायला सांगा. पोराला तोंडाने बोलायची गरजच पडली नसती. टाच बोलली असती.

आम्ही मागच्या बाकावर बसून राहिलो.

आता आम्ही चार जणांनी मिळून काम वाटून घेतले आहे. वस्तीवरून फोन आला की एक जण ठाण्यावर, एक अर्जाला, एक दवाखान्यात, एक कोर्टात. दोन वेळा उपयोग झाला. एका वेळी झाला नाही, डॉक्टरने न बघताच ‘जखमा नाहीत’ लिहिले होते. त्यावर आता अर्ज केला आहे.

परवा त्या वस्तीवर गेलो होतो. पोरगा ऊसतोडीला गेला आहे. त्याची आई शेळीला पाला घालत होती. म्हणाली, ‘दादा, त्या परभणीच्या मायचं काय झालं?’

‘गुन्हा नोंद झाला, मावशी. सुप्रीम कोर्टापर्यंत लढल्या.’

‘नावं घातली का पोलिसांची?’

‘नाही. अनोळखी म्हणून आहे.’

‘अनोळखी,’ ती म्हणाली, आणि हसली. मग आत जाऊन तिने एक प्लास्टिकची पिशवी आणली. पोराच्या जामिनाचे कागद होते. यात दवाखान्याचा कागद कोणता, ते तिला बघून हवे होते. त्यात तो नव्हता.