टर्बो, राख आणि भाच्याची ट्रॉली

ऊर्जानगरात राहणाऱ्याला टर्बाइन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. वीजकेंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला; आज क्षमता २९२० मेगावॅट. क्वार्टरांच्या प्रत्येक ओळीत कुणाचे ना कुणाचे बाबा टर्बाइनवर असायचेच. पण त्याच टर्बाइनचा एक धाकटा भाऊ आपल्या डिझेल गाडीच्या बॉनेटखाली असतो, हे मात्र गाडी ओढेनाशी झाली की आठवतं!

आमच्या भाच्याचा मंडपाचा धंदा. जीपमागे जनरेटरची ट्रॉली लावून तो मूल, सावली, पार गडचिरोलीपर्यंत जातो. (वीज इथे तयार होते आणि वराती जनरेटरवर निघतात... असो, त्यावर वेगळी पोस्ट.) मे महिन्यात तो म्हणाला, "मामा, गाडी ओढूनच नाही राहिली. नुसता काळा धूर. मोठा टर्बो टाकून देऊ का?" कुणीतरी त्याला टर्बो आणि चिप मिळून सत्तर हजारांचा आकडा सांगितला होता.

शेजारचे काका टर्बाइन मेन्टेनन्समधून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "आधी धूर वाच." काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा राहिला, तर डिझेल न जळता जातंय किंवा कूलंट आत शिरतंय. आपला काळा, म्हणजे हवा कुठे अडतेय किंवा गळतेय ते शोधायचं.

एअर फिल्टर काढला तर राखेने गच्च. आपल्या गावात काय वेगळं निघणार म्हणा! मग इंजिन बंद ठेवून पाइपात अगदी हलक्या दाबाने हवा सोडली आणि वरून साबणाचं पाणी लावलं. इंटरकूलरच्या रबरी पाइपाला क्लॅम्पपाशी बुडबुडे! टर्बोने दाबलेली हवा इंजिनात जायच्या आधीच बाहेर. शेवटी टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून पाहिला. आडवा किंचित हलला तर चालतो, आत-बाहेर जाणवण्याइतका हलता कामा नये. हलला नाही. म्हणजे टर्बो ठणठणीत होता. पाइप, क्लॅम्प, फिल्टर मिळून अडीच हजारांत काम झालं.

काकांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. वीजकेंद्राचं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं, पण बंद केल्यावर तसंच सोडत नाहीत. बॅरिंग गिअरवर, ऑइल चालू ठेवून, सावकाश फिरवत थंड करतात, नाहीतर शाफ्ट वाकतो. गाडीचा टर्बो तर लाखाच्या वर फेरे घेतो! ओझं ओढून आल्याआल्या चावी फिरवली, तर ऑइल थांबतं आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये त्याचा कोळसा होतो. म्हणून मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. भाचा आता ठेवतो.

मोठ्या टर्बोचं मी त्याच्या डोक्यातून काढलं. तो कमी फेऱ्यांवर उशिरा जागा होतो, आणि ट्रॉली जागेवरून हलवायला जोर लागतो तो नेमका तेव्हाच. जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता, तीही चंद्रपूरच्या उन्हात. शिवाय कायद्याच्या कलम ५२ ची भानगड वेगळीच. ओढायचंच असेल तर रेडिएटर-इंटरकूलर साफ हवेत, क्लच चांगला हवा, हूक बंपरला नव्हे तर चॅसीला हवा. ट्रॉलीच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा, नाहीतर ती मागे झोके खाते.

मला खरी भीती आहे ती ब्रेकची. लोहाऱ्याच्या जंगलात रात्री समोर चितळ आलं, तर जीप थांबेल. मागच्या बिनब्रेकच्या जनरेटरला कोण थांबवणार? ब्रेकवाल्या ट्रॉलीचा भाव काढलाय, लग्नसराई संपल्यावर घेतो म्हणतो. तोवर मोठा जनरेटर न्यायचा नाही असं त्याच्या आईने बजावलंय. ताई, वाचतेयस ना? तो "हो" म्हणालाय, पण तू एकदा पुन्हा विचार.