परवलीचा शब्द

घरात नवी वस्तू आली म्हणजे ती चालवावी कशी याच्या अगोदर ती ठेवावी कोठे हा प्रश्न उपस्थित होतो, असा आमचा अनुभव आहे. शिवणयंत्र, रेडिओ, शीतकपाट या सर्वांनी आपापल्या काळी आमच्या घरात हा वाद माजविला, आणि प्रत्येक वेळी आम्ही तो हरलो. या मालिकेत अलीकडे बिनतारी राउटर नावाच्या एका चिमुकल्या पेटीची भर पडली. मे महिन्याच्या अखेरीस एका रात्री भिवंडीवर वळवाचा पाऊस कोसळला, विजा कडाडल्या, आणि आमचा जुना राउटर दुसऱ्या दिवशी सकाळी उठलाच नाही. नवा आणावा लागला. तार जोडून देणारा तरुण पाच मिनिटांत आपले काम आटोपून निघाला. जाताना एवढेच म्हणाला, "बाकीचं सर, तुम्ही करून घ्याल." इंग्रजी ग्रंथांवर तीस वर्षे व्याख्याने देणाऱ्या मनुष्यास इंग्रजीत छापलेले आठ पानांचे माहितीपत्रक समजणारच, अशी त्याची समजूत दिसली. आम्हीही ती दूर करण्याच्या भरीस पडलो नाही.

प्रथम जागेचा प्रश्न. घरातील मंडळींचे म्हणणे असे की, या पेटीस दोन शिंगे आहेत, ती दिवाणखान्यात शोभत नाहीत. सबब तिला लोखंडी कपाटात साड्यांच्या मागे ठेवावे. या वेळी मात्र पदार्थविज्ञान आमच्या बाजूस होते. राउटर ज्या लहरी सोडतो त्या दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात सेकंदास सुमारे २४० कोटी आंदोलने होतात व लहरीची लांबी साधारण अर्धी वीत भरते; दुसऱ्यात ५०० कोटींहून अधिक आंदोलने होतात व लांबी तीन बोटांइतकीच असते. पहिली लहर वेगाने कमी पण दूरवर जाणारी, भिंतीतूनही बरीचशी पार होणारी; दुसरी चपळ खरी, पण एकदोन भिंतींतच थकणारी. लोखंड मात्र दोघींनाही अडविते, आणि पाणी त्यांना शोषून घेते. कपाटात ठेवलेला राउटर म्हणजे हंड्याखाली झाकलेला दिवा होय. हे सर्व आम्ही कागदावर आकृती काढून समजावून दिले, तेव्हा घराच्या मध्यभागी, दरवाजाजवळच्या उंच फळीवर त्यास जागा मिळाली. सर्व खोल्यांना ती सारखी जवळ होती. जिन्यालाही ती तितकीच जवळ होती, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही.

भिंतीपलीकडे जाणाऱ्या लहरींचे नवल आपल्या देशास नवे नाही. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलात जगदीशचंद्र बसूंनी अशाच अदृश्य लहरी भिंतीतून पलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली होती. १९२७ साली मुंबईस नभोवाणीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा घरी रेडिओ ठेवणारास वर्षाकाठी दहा रुपये भरून परवाना काढावा लागे. आणि आमच्या भिवंडीस अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, १९३० नंतरच्या दशकात मुंबई केंद्रावरून या भिवंडी भागातील खेड्यांसाठी मुद्दाम निराळे कार्यक्रम प्रक्षेपित होऊ लागले. बिनतारी विद्येचा आमच्या तालुक्याशी संबंध असा पुराना आहे. खेड्यासाठी मांडलेले ते यंत्र एका घरचे नसे. ज्याला ऐकावयाचे असेल त्याने यावे व बसावे. मालक एक आणि ऐकणारे अनेक, ही त्या काळच्या बिनतारीची रीत होती. उलट आजच्या बिनतारीचा पहिला प्रश्नच असा की, कोणाकोणास ऐकू द्यावयाचे नाही? सरकारने २००५ साली या अल्पशक्ती लहरींना परवान्यातून मोकळे केले. पण सरकारी परवाना गेला आणि प्रत्येक गृहस्थ आपल्यापुरता परवाने देणारा अंमलदार झाला.

ही अंमलदारी आम्ही एका रविवारी दुपारी स्वीकारली. यंत्राच्या पोटात शिरण्याची वाट १९२.१६८.१.१ अशा आकड्यांनी दर्शविलेली असते. हा पत्ता घरातल्या घरातच चालतो. हजारो घरांत तोच असला तरी घोटाळा होत नाही, जसे प्रत्येक घरात एक 'बाबा' असूनही कोणाची चुकामूक होत नाही. तेथे गेल्यावर यंत्र परवलीचा शब्द विचारते, आणि तो कारखान्यानेच ठरवून पेटीच्या तळाशी छापलेला असतो. काही यंत्रांत तर तो सरसकट एकच असतो. अशा कुलपाची किल्ली साऱ्या बाजारात मिळते असे समजावे. म्हणून पहिले काम हा शब्द बदलणे. दुसरे काम जाळ्याचा, म्हणजे घरातल्यांना जोडून घेणारा, शब्द बदलणे. हे दोन शब्द निराळे असतात, हे समजण्यास आम्हांस अर्धा तास लागला.

त्यानंतर जाळ्यास नाव देणे आले. आमच्या दूरध्वनीच्या पडद्यावर शेजारपाजारची चौदा नावे झळकत होती. त्यांत एक देवाचे होते, एकात चोरांस सज्जड दम भरलेला होता, आणि बहुतेक कारखान्याने दिलेल्या आकड्यांवरच संतुष्ट होती. इतक्या गर्दीत लहरींचा मार्ग कोणता निवडावा? पहिल्या प्रकारच्या लहरींना मार्ग पुष्कळ दिसतात. परंतु एकमेकांच्या अंगावर न जाणारे असे तीनच: पहिला, सहावा आणि अकरावा. एका मार्गावरील यंत्रे बोलण्यापूर्वी ऐकतात. दुसरा बोलत असेल तर थांबतात. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या आमच्या गावास हा शिष्टाचार कौतुकाचा वाटावा. आम्ही अकरावा मार्ग घेतला.

मग कुलूप. संदेश गुप्त ठेवण्याच्या पद्धतींत २०१८ साली आलेली पद्धत सर्वांत नवी, २००४ सालची अजून चालण्याजोगी, आणि तिच्या आधीच्या टाकाऊ. एक कळ दाबून किंवा आठ आकडे सांगून जोडून घेण्याची सोय आम्ही बंद केली. ते आठ आकडे यंत्र दोन तुकड्यांत तपासते. त्यामुळे दहा कोटी प्रयत्नांचे काम सुमारे अकरा हजारांत उरकते, हे २०११ सालीच उघडकीस आले आहे. शेवटी वीस अक्षरांचा असा एक परवलीचा शब्द रचला की, तो आमच्याही लक्षात राहीना.

इतकी सावधगिरी कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या शेजारीच घडलेले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे अगोदर वृत्तसंस्थांना जे धमकीपत्र गेले, त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईत सानपाड्यास एका परदेशी गृहस्थाच्या घरी येऊन ठेपले. त्या गृहस्थाचा अपराध एवढाच की, त्याचे बिनतारी जाळे उघडे होते व दुसऱ्याच कोणी त्यातून पत्र धाडले होते. निरपराध ठरेपर्यंत त्यास जे सोसावे लागले ते वाचून तेव्हा आमच्या अंगावर काटा आला होता. जोडणी ज्याच्या नावे, जाब त्यास. हे ध्यानी धरून आम्ही कुलूप घातले, आणि त्या रात्री कर्तव्य केल्याच्या समाधानाने झोपलो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कुटुंबाने विचारले, "अहो, तुम्ही तो शब्द बदललात का?"

"अर्थात. का बरे?"

"मग ती पोर आता काय करील?"

ती पोर म्हणजे खालच्या मजल्यावरील, पद्मशाली विणकराची मुलगी. घरची भाषा तेलुगू, शाळेची मराठी. बाप यंत्रमागावर पाळीने जातो. दोन-तीन वर्षे आम्ही तिला संध्याकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर पुस्तक व एक जुना भ्रमणध्वनी घेऊन बसलेली पाहत आलो होतो. घरात उकडते म्हणून वाऱ्याला बसते, अशी आमची समजूत. तिच्या त्या यंत्रात सिमकार्ड नाही, चालू दूरध्वनी घरात एकच आणि तो बापाबरोबर पाळीला जातो, २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्याच घरातून तिला परवलीचा शब्द मिळाला होता, आणि आमच्या कनिष्ठ प्रतीच्या कुलपावर तिची दहावी निभावली होती, हे सर्व आम्हांस त्या संध्याकाळी कळले. घराच्या भिंतीतून काय काय बाहेर जाते याचे आम्ही मोठे गणित मांडले होते. परंतु ते कोणापर्यंत पोहोचते हे मात्र कधी दार उघडून पाहिले नव्हते.

ती दोन संध्याकाळी येऊन बसली होती म्हणे. यंत्र जोडले जाईना, म्हणून उठून गेली. तिने दार का ठोठावले नाही? आम्ही हा प्रश्न विचारला खरा, पण त्याचे उत्तर आम्हांसच ठाऊक असावयास हवे होते. जे मागून मिळाले ते काढून घेतले गेले, तर मागणारा असेच समजतो की, देणाराचे मन बदलले. यंत्र 'शब्द चुकीचा आहे' एवढेच सांगते. 'सरांनी सहज बदलला, विचारून घे' असे सांगत नाही.

आणि ते दिवस अकरावीच्या प्रवेशाचे होते. पसंतीचा अर्ज संगणकीय जाळ्यावरच भरावयाचा, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घेतलाच पाहिजे, नाहीपेक्षा पुढील नियमित फेऱ्यांस मुकावे, असा नियम. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती बापाबरोबर नाक्यावरील एका दुकानात गेली. गर्दी मोठी; दुकानदाराने घाईघाईने अर्ज भरून दिला. गावातील महाविद्यालय तिला पहिले हवे होते. अर्जात पहिले पडले ते कल्याणचे, आणि तेच मिळाले. अर्ज चुकला तो आमच्या हातून नव्हे. परंतु जिन्यावर बसून तिने तो स्वतः भरला असता, दोनदा वाचला असता, कदाचित आम्हांस दाखविलाही असता. अध्यापनात जन्म घालविलेल्या मनुष्याच्या दारापासून तीन हातांवर ही गोष्ट घडली, आणि घडविण्यास कारण झाले त्याचेच कुलूप, हे काही आम्हांस विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्या यंत्राच्या पोटात शिरलो. रविवारी निरुपयोगी म्हणून ओलांडलेले एक कलम तेथे होते: पाहुण्यांसाठी निराळे जाळे. त्याचा परवलीचा शब्द निराळा. त्यातून येणारास बाहेरच्या जगात जाता येते, पण आमच्या घरातील संगणक, कागदपत्रे, छपाईयंत्र यांपैकी काही दिसत नाही. वेळेचे व वेगाचे बंधनही घालता येते. हे वाचताना आम्हांस आमच्या ठाणे जिल्ह्यातील जुन्या घरांची आठवण झाली. त्या घरांना ओटी असे. वाटसरूने यावे, ओटीवर टेकावे, तांब्याभर पाणी प्यावे. माजघराचे दार त्यास मोकळे नसे, आणि त्यात कोणास अपमानही वाटत नसे. कुलूप आणि आतिथ्य यांचे भांडण आमच्या पूर्वजांनी एक उंबरा घालून मिटविले होते. आम्ही सदनिकांत राहावयास आलो, ओटी गेली, आणि माणूस एकतर घरात घ्यावयाचा नाहीतर दाराबाहेर ठेवावयाचा, असे दोनच मार्ग उरले. परदेशात कोठेतरी बनलेल्या त्या पेटीत आमची हरवलेली ओटी सापडावी, ही गंमत खरीच. आम्ही त्या जाळ्याचे नाव 'ओटी' ठेवले.

सानपाड्याची धास्ती त्याने नाहीशी झाली, असे मात्र नाही. ओटीवरून गेलेल्या पत्राचाही जाब आम्हांसच द्यावा लागेल. म्हणून तो शब्द आम्ही ओळखीच्या माणसासच देतो आणि ठराविक काळाने बदलतो. परंतु बदलल्याबरोबर, ज्यांना पूर्वी दिला त्यांच्याकडे स्वतः जाऊन नवा शब्द सांगतो. माहितीपत्रकाच्या आठ पानांत ही पायरी सांगितलेली नाही. ती आमची आम्ही घातली आहे.

पहिल्या वेळी आम्ही जिना उतरून खाली गेलो तेव्हा मुलीने दार उघडले, आणि आम्ही काही रागावण्यास आलो आहोत अशा मुद्रेने उभी राहिली. कागदावर लिहिलेला शब्द तिच्या हाती दिला. तिने तो वाचला व म्हणाली, "सर, हा सोपा आहे. आधीच्यापेक्षाही." आम्ही म्हटले, "तुला लक्षात राहावा म्हणून."

आता ती पुन्हा वरच्या पायरीवर बसते. तेथे आम्ही एक दिवा लावून घेतला आहे. कल्याणहून परत यावयास तिला बहुधा सात वाजतात, त्यामुळे तिचा बसण्याचा वेळ पूर्वीच्या निम्मा झाला आहे. तेवढे दुरुस्त करण्याचे कलम आम्हांस त्या यंत्रात कोठे आढळले नाही.